रूथ, पेटी टेकताना आवाज झाला

रूथ, आधी कब्रस्तानात आम्ही काय घोळ घातला ते सांगते. तुझे नातेवाईक अजून आमच्यावर रागावले आहेत, आणि खरा प्रकार समजून घेऊ शकली असती अशी एकच बाई तिथे होती, ती पेटीत होती.

पाळकसाहेबांची प्रार्थना झाली. गीत झालं. तुझे दोन भाऊ आणि दाविदभाऊंच्या कंपनीतले दोघे, अशा चौघांनी दोर धरून पेटी खाली सोडायला घेतली. सगळं नीट चाललं होतं. शेवटचं हातभर अंतर उरलं आणि तुझ्या धाकट्या भावाच्या हातून दोर सुटला. पायाकडची बाजू एकदम खाली गेली. धप्प.

खड्ड्याच्या डाव्या कडेला आम्ही दहा जण उभे होतो, तुझ्या रविवारच्या वर्गातले. सात मुली, एकीची आई, टेम्पोवाले बबनभाऊ आणि मी. धप्प ऐकलं आणि आम्ही दहाच्या दहा जण पाठ फिरवून चालायला लागलो. कुणी कुणाला खूण केली नाही. चार पावलं, पाच पावलं. मागून तुझ्या मोठ्या जावेचा आवाज आला, "अगं बाई, माती द्यायच्या आधीच कुठे निघाल्या या?"

बबनभाऊ थांबले. टोपी काढून हातात घेतली आणि चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "आवाज झाला न्हाई का ताई. परत जावं लागतं."

तुझा नियमच होता तो. उडी मारून उतरताना एकाचाही आवाज झाला, की सगळ्यांनी सुरुवातीच्या रेषेवर परत. ज्याचा आवाज झाला त्याने एकट्याने जायचं नाही, सगळ्यांनी जायचं, आणि जाताना त्याच्याकडे डोळे वटारून बघायचं नाही. दीड वर्षं दर रविवारी सकाळी हे केल्यावर ते पायांत मुरतं. पाय मग डोक्याला विचारत बसत नाहीत.

मला हसू आलं, रूथ. कब्रस्तानात, तुझी पेटी नुकती तळाला टेकलेली, आणि मला हसू आलं. पदर तोंडात कोंबला तरी खांदे गदागदा हलत होते. पाळकसाहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, "धीर धरा, भगिनी." ते हसू मग कुठल्या कुठे गेलं आणि त्याच्या जागी जे आलं ते आवरायला मला दोघी मुलींनी धरावं लागलं.

तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. मला अजून हे पटलेलं नाही. मी माणूस कशी आहे ते तुला माहीत आहे. बाजारातून कोथिंबीर आणली तरी त्याचा तीन अंकी प्रयोग करून सांगणारी. पण तुझ्या जाण्याची गोष्ट मला सांगता येत नाही. ती सुरू होते आणि तिथेच संपते.

त्या गुरुवारी पाच वाजता दाविदभाऊंचा फोन आला. "मॅडम, घरी या." बस, एवढंच. आपलं पंधरा दिवस बोलणं बंद होतं. मला वाटलं, आली बाई वठणीवर, नवऱ्याला मध्ये घातलंय. मी तोंड धुतलं, पावडर लावली, तू जिला वांग्याची साडी म्हणायचीस ती जांभळी नेसले. रिक्षात वाक्य पाठ केलं: "बोलावणं आलं म्हणून आले, नाहीतर माझे पाय काही या गल्लीकडे वळत नव्हते." तुझ्या दारात चपलांचा ढीग होता. प्रार्थना ठेवली असेल, म्हटलं. तेवढे प्रेक्षक असले तर बरंच. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बोलावणं आलं म्हणून..."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तू खाली गादीवर होतीस.

दाविदभाऊ सारखं एकच सांगत होते. "खुर्चीवर बसली होती. मेथी निवडत होती. मला म्हणाली, चहा टाका. मी चहा घेऊन आलो." कप ओट्यावर होता, साय धरलेला. निवडलेली मेथी एका बाजूला, न निवडलेली दुसऱ्या.

खुर्चीवर! रूथ, तू खुर्चीवर बसतेस हेच मला माहीत नव्हतं. स्टाफरूममध्ये तुझी खुर्ची म्हणजे आमच्या पर्सा ठेवायची जागा. सेहेचाळीस वर्षांची बाई, साखर नाही, बीपी नाही, खो-खो खेळून खेळून पिंडऱ्या दगडासारख्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. तू भिंतीवरून पडून गेलीस असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, की ती पडूच शकत नाही. पण मेथीच्या जुडीशी भांडता येईना. मी ती वांग्याची साडी नेसून तुझ्या पायांशी बसले, आणि उरलेलं वाक्य तोंडात तसंच.

हे सगळं सुरू झालं माझ्या मनगटापासून. आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याला माहेरी जायला एसटीत चढताना पायरी चुकले आणि स्टँडच्या फरशीवर आपटले. उजवा हात प्लास्टरमध्ये. तू मोसंबी घेऊन बघायला आलीस. लोक विचारतात, फार दुखतंय का. तू विचारलंस, "पडलीस कशी, करून दाखव."

मी पलंगावर करून दाखवलं. आनंदाने दाखवलं, दोन्ही हात पसरून, किंकाळीसकट.

"हात ताठ पुढे टाकलास," तू म्हणालीस. "मनगटच जाणार."

"मग काय करायला हवं होतं?"

"पडायला हवं होतं. तू पडलीच नाहीस, आपटलीस."

पन्नाशीला आलेल्या बाईला ही अशी भाषा. पण प्लास्टर निघालं त्याच्या पुढच्या महिन्यात तू मला शाळेच्या मैदानावर ओढून नेलंस. पुण्याला क्रीडाशिक्षकांच्या शिबिरात तू पार्कूर शिकून आली होतीस आणि नगरला कुणाला तरी शिकवल्याशिवाय तुला चैन नव्हतं. मी विचारलं, हे पार्कूर म्हणजे काय बाई? तू म्हणालीस, "वाटेत भिंत आली, कठडा आला, खड्डा आला, तर वळसा न घालता पळत, चढत, उडी मारत पुढे जायचं."

"त्याला आमच्या अकोल्याकडे शाळेत जाणं म्हणतात," मी म्हणाले.

तू हसली नाहीस. शिकवताना तू कधी हसायची नाहीस, हा तुझा मोठाच दोष होता आणि तो मी तुझ्या तोंडावर सांगितला आहे, म्हणून इथेही लिहिते.

पहिले पाच रविवार आम्ही उडीच मारली नाही! मी साडी सोडून सलवार शिवून घेतली होती, आरशासमोर दोनदा हात पसरून बघितलं होतं, आणि तू आम्हाला काय दिलंस? एक वीट. विटेवर उभं राहायचं आणि खाली उतरायचं. पायाचा पुढचा भाग आधी टेकवायचा, टाच नंतर, गुडघे सैल, गुडघ्यांनी एकमेकांकडे बघायचं नाही, ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत. आणि आवाज अजिबात नाही. एक वीट! रस्त्यावरून जाणारे लोक कंपाउंडवरून वाकून बघायचे की या बाया सकाळी सकाळी विटेवरून उतरतायत कशाला.

बबनभाऊ शाळेत खडू-कागदाची खोकी टाकायला आले आणि तमाशा बघून थांबले. मूळचे जामखेडकडचे, नगरला टेम्पो चालवतात. म्हणाले, "ह्यात काय हाय मॅडम? आमी रोज हौद्यातनं उड्या मारतो."

"मारा," तू म्हणालीस.

त्यांनी टेम्पोच्या हौद्यातून उडी मारली. धाड. तू त्यांच्याकडे नुसती बघत राहिलीस, आणि ते गुडघा चोळत म्हणाले, "लई दिवस झालं, दुखतोय हा."

"किती दिवस?"

"सा-सात वर्सं."

"टेम्पो चालवायला लागून किती झाली?"

"सातच."

पुढच्या रविवारी बबनभाऊ बूट घालून आले. आज ते हौद्यातून मांजरासारखे उतरतात. तुझ्या घरच्या अंगणात माती द्यायला आलेल्या माणसांना ते हेच सांगत होते, गुडघा दाखवून. "डॉक्टरनी गोळ्या दिल्या हुत्या. बाईनी नुसती वीट दिली."

विटेनंतर दोन विटा. मग पायरी. ज्या उंचीवरून लागोपाठ तीनदा बिनआवाज उतरलीस तिथूनच पुढची उंची. मग खांद्यावरून कोलांटी. दाविदभाऊ नागापूरच्या कंपनीतून पॅकिंगचे जाड फोम आणायचे, ते गवतावर पसरायचे. हनुवटी छातीला, आणि अंग एका खांद्यावरून तिरकं दुसऱ्या बाजूच्या कमरेवर. पाठीचा कणा जमिनीला लागला की तू लांबून ओरडायचीस, "नले, मणके!" मुलींसमोर मला नलिनी मॅडम म्हणायचं ठरलं होतं आपलं, पण माझ्या मणक्यांसमोर तुझी शिस्त टिकायची नाही. पहिल्यांदा कोलांटी नीट गेली तेव्हा मी उठून चारी दिशांना वाकून नमस्कार केला. तू म्हणालीस, "आता डाव्या बाजूने."

मग गुडघ्याएवढ्या कठड्यावरून टेकू. एक हात, उलट बाजूचा पाय, मधून दुसरा पाय काढायचा आणि पलीकडे. पण त्याच्या आधी भिंत हलवून बघायची, वरची वाळू हाताने झाडायची, पलीकडे जाऊन उतरायची जागा डोळ्याने बघून यायची. काच, खडा, ओल. रोज त्याच कठड्यावर, रोज नव्याने. "काल होती तशीच असेल की," मी म्हणायचे. "भिंत असेल. तू नसशील," तू म्हणायचीस.

आणि तुझ्या टाळ्या! तू वर्गात टाळी वाजवायचीस ती एकाच गोष्टीला. कुणी धावत येऊन, ऐनवेळी काही बरं वाटलं नाही म्हणून, कठड्यासमोर थांबलं, तर. बाकी कितीही सुंदर उडी मारा, तू आपली शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभी. त्या पोरी आधी चिडायच्या, मग त्यांना ते कळायला लागलं. मला कळलं नाही. दीड वर्षांत मला तुझी एकही टाळी मिळाली नाही, कारण मी एकदाही थांबले नाही.

यावरून आपलं भांडण होतं, आणि ते काही संपलेलं नाही. मी म्हणायचे, लोक टाळ्या उडीला वाजवतात, उतरण्याला नाही. गोष्टीत राजा घोड्यावर चढतो ते सांगतात, उतरला कसा हे कोण सांगतं? तू म्हणायचीस, म्हणून तर इतके राजे पडले. मी म्हणायचे, आम्ही भातखाचराच्या बांधांवरून उड्या मारत वाढलो, कुणी विटा दिल्या नव्हत्या. तू म्हणायचीस, "खाली चिखल होता. इथे फरशी आहे आणि तू आता चाळीस किलोची नाहीस." मग मी रुसायचे, मग तू डब्यातला रव्याचा केक पुढे करायचीस, मग मी सांगायचे की केकचा आणि या मुद्द्याचा काही संबंध नाही, आणि दोन तुकडे खायचे.

आता स्नेहसंमेलनाबद्दल. रूथ, इथपर्यंत मी मजेत लिहीत आले. मला येतं ते. पुढचं येत नाही, पण लिहिते.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, नेहमीसारखं. नऊवारी नेसले होते. रंगमंचाच्या बाजूची ती भिंत माझ्या छातीएवढी आहे. तू मला गुडघ्याएवढ्या उंचीच्या वर जाऊ दिलं नव्हतंस. कार्यक्रमाला सुरुवात कशी करावी याचा मी आठवडाभर विचार करत होते आणि मला एकच दृश्य दिसत होतं. मागून त्या भिंतीवर चढले, माईक हातात, म्हणाले, "मायबाप प्रेक्षकहो, म्हातारी आली!" आणि उडी मारली.

उतरण्याचा आवाज माईकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेला. गुडघ्यापासून कमरेपर्यंत कळ गेली आणि मी ती हसण्याखाली दाबली. पण काय टाळ्या, रूथ! मुली उभ्या राहून ओरडत होत्या. पालक शिट्ट्या मारत होते. मी तुला शोधलं. तू पडद्याच्या दोरीपाशी उभी होतीस आणि माझ्या पायांकडे बघत होतीस.

सोमवारी मधल्या सुट्टीत श्रावणीने वर्गाच्या ओट्यावरून उडी मारली. आपल्याच रविवारच्या वर्गातली नववीची श्रावणी. उडी मारताना तिने "म्हातारी आली" म्हटलं. घोटा मोडला.

बुधवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत तू, मी आणि श्रावणीचे वडील. ते बिचारे हात जोडून उभे होते, आवाजही चढवला नाही त्यांनी. सरांनी विचारलं, "स्नेहसंमेलनात ती उडी कुणाच्या परवानगीने मारली गेली?" मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी तोंड उघडलं होतं. पण मी वाक्य जुळवत होते. काहीतरी असं की वातावरण जरा हलकं होईल. आणि तेवढ्यात तू म्हणालीस, "माझ्या. वर्ग माझा आहे."

मला हायसं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वाईट वाटायच्या आधी, लाज वाटायच्या आधी, मला पहिल्यांदा हायसं वाटलं. तू तिथेच बसून, नाही, उभ्यानेच, टेबलावर वाकून लेखी खुलासा दिलास. "उडीला माझी परवानगी होती." खाली तुझी सही. रविवारचा वर्ग त्याच दिवशी बंद झाला, आणि सरांनी सांगितलं की हे तुझ्या सेवापुस्तकात जाईल.

बाहेर व्हरांड्यात मी तुझा हात धरायला गेले. तू हात काढून घेतलास. "स्टेजवर तुझ्या हातून माईक सुटत नाही, नले. आणि आत एक शब्द निघाला नाही."

तुझं माझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. मला राग आला. कल्पना कर, मला राग आला! तुला मी सांगितलं होतं का माझ्यासाठी खोटं बोलायला, असं मी घरी कुकरला ऐकवलं. पंधरा दिवस ऐकवलं. आधी तिने यावं. मी का जाऊ? आणि मग गुरुवार आला.

काल मी श्रावणीकडे गेले. आधीच जायला हवं होतं. तिची आई दारातच म्हणाली, "या मॅडम, तुमच्याशिवाय सगळे येऊन गेले." टोमणा नव्हता त्यात, ती फक्त सांगत होती. श्रावणी खाटेवर, पाय उशीवर. पायाच्या बोटांनी काहीतरी करत होती. बोटं पसरायची, मिटायची. मी विचारलं, हे काय गं?

"रूथ मॅडमनी दिलंय. रोज शंभर वेळा."

"कधी दिलं?"

"रोज यायच्या ना त्या, शाळा सुटल्यावर. बुधवारी पण आलेल्या."

बुधवारी. म्हणजे आदल्या दिवशी. मी चहाचा कप खाली ठेवला. मी विचारलं, माझं काही म्हणाल्या का? श्रावणीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "सांग की, आता काय."

"म्हणाल्या की, नलिनी मॅडमची उडी चांगली होती. उतरल्या वाईट. कुठे चुकलं ते मला दिसलंय, एका रविवारचं काम आहे." मग पोर तुझ्यासारखाच आवाज काढून म्हणाली, "पण आधी ती येऊ दे माझ्याकडे."

तूसुद्धा? रूथ, तूसुद्धा? मला वाटत होतं की हट्टाने बसलेली मी एकटीच आहे, तू आपली बरोबर बाजूला, मोठ्या मनाची. आणि तू शाळा सुटल्यावर माझ्या घरावरून, अगदी माझ्या फाटकावरून, श्रावणीकडे जात होतीस आणि मनात म्हणत होतीस, आधी ती येऊ दे! मी खिडकीत उभी असायचे गं. पडद्यामागे. आपल्या दोघींच्या मध्ये एक फाटक होतं, कमरेएवढं. कडी लागलेली नसते त्याची.

श्रावणीच्या आईला मी सगळं सांगितलं. परवानगी नव्हती, मी मागितलीही नव्हती, रूथने माझ्यासाठी अंगावर घेतलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या ह्यांना तेव्हाच शंका आली होती. म्हणत होते, जी बाई पोरींना विटेवरून पुढे जाऊ देत नाही ती तुम्हाला भिंतीवरून कशी जाऊ देईल?" आणि मला आणखी चहा ओतला. तो चहा मी प्यायले, शिक्षा म्हणून.

आज सकाळी शाळेत गेले. उद्या तुझी शोकसभा आहे आणि सरांनी मला बोलायला सांगितलं आहे, म्हणजे बघ. मी त्यांना म्हटलं, आधी रूथचा खुलासा काढा.

"आता कशाला, मॅडम?" सर म्हणाले. माणूस वाईट नाही तो. "त्या गेल्या. प्रकरण मिटलं. सेवापुस्तकातलं आता कोण बघतंय?"

"दाविदभाऊ बघतील. कागदपत्रं त्यांच्याकडेच येणार ना?"

सर म्हणाले, फाइलमधल्या कागदावर काही लिहिता येत नाही, वेगळा अर्ज द्या. मी दिला. तिथेच, त्याच टेबलावर वाकून, उभ्याने. लिपिकाने आवकचा शिक्का मारायच्या आधी तो वाचला, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची बघितली.

"मॅडम, एवढंच?"

"एवढंच."

"तुमच्या मानाने फारच छोटं झालं."

तीन ओळी आहेत. स्नेहसंमेलनात मी मारलेल्या उडीला श्रीमती रूथ यांची परवानगी नव्हती. मी ती मागितली नव्हती. त्यांच्या सेवापुस्तकातला शेरा काढून माझ्या सेवापुस्तकात घ्यावा. वर्गाबद्दल विचारलं तर सर म्हणाले, बघू. उद्या शोकसभेत मी याच तीन ओळी वाचणार आहे, श्रावणीचे वडील समोर बसलेले असताना. गोष्ट सांगणार नाही. हात पसरणार नाही. तुझा सगळा गोतावळा येणार आहे, आमच्यावर आधीच रागावलेला, त्यांना रागवायला आणखी एक कारण मिळेल आणि या वेळी ते खरं असेल.

पण तुला एक ओळ जास्त सांगायची आहे, जी अर्जात बसत नव्हती. मी परवानगी मागायला विसरले नव्हते. त्या आठवड्यात मी दोनदा तुझ्या वर्गाच्या दारापर्यंत आले होते. तू पोरींना रांगेत उभं करत होतीस. मी काय विचारणार ते ठरलेलं होतं, तू काय म्हणशील तेही मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणून मी दोन्ही वेळा दारातून परत गेले. ते मला ऐकायचं नव्हतं.

रूथ, मी आता विचारते. त्या भिंतीवरून उडी मारू का गं?

नाही म्हण.